पोटमाळ्यावरचं अर्धं नाटक, आणि अल्कॉटच्या काळातल्या लिहित्या बायका

शेवंती_७४

माहेरचं घर विकायचं ठरलंय, म्हणून गेल्या महिन्यात पोटमाळा रिकामा केला. मोडक्या छत्र्या, बाबांच्या पगाराच्या स्लिपा, एक बिनतारेची सतार, आणि पत्र्याच्या ट्रंकेत माझी शंभर पानी वही. खाकी कव्हर, लेबलावर 'भूगोल'. आत भूगोलाचं अवाक्षर नाही. आत नाटक आहे.

नववीत असताना आम्ही चौघींनी शांताबाई शेळक्यांची 'चौघीजणी' वाचली, म्हणजे लुईसा अल्कॉटच्या 'लिटल विमेन'चा अनुवाद, आणि चौघींनाही त्यातली लिहिणारी बहीण ज्यो व्हायचं होतं. मेग व्हायला कुणी तयार नाही, बेथ तर मरते. शेवटी चौघी ज्यो झालो आणि मागच्या बाकावर नाटक लिहायला घेतलं. नाव 'दाखवायचा मुलगा'. मुलगी आपल्या आत्या-मावशांना घेऊन मुलगा बघायला जाते. मुलगा खाली मान घालून पोहे घेऊन येतो. नमुना देते:

आत्या: जरा चालून दाखवता का? नाही, नाही, चप्पल काढून.
मावशी: स्वयंपाक येतो?
मुलगा: चहा येतो.
मावशी: नुसता चहा? आमच्याकडे सासूबाईंचं पथ्याचं असतं.

चौघींची चार हस्ताक्षरं आहेत वहीत. मध्येच निळी शाई संपून हिरवी सुरू होते, कारण एकीच्या वडिलांचं पेन ढापलं होतं. कंसात सूचना आहेत, 'पोहे सांडतो', 'आत्या चष्मा लावून हातावरच्या रेषा बघते'. ऑफ तासाला बाईंनी वही जप्त केली, वर्षअखेरीस परत दिली, आणि शेवटची सहा पानं फाडलेली. तो राग अजून गेलेला नाही.

आता डिसेंबरात आमच्या बॅचचं स्नेहसंमेलन आहे आणि हे नाटक वाचायचं घाटतंय. तर दोन प्रश्न. एक, फाटलेला शेवट आता पन्नाशीत नव्याने लिहावा का? दोन, ज्यो मार्च घरातल्या घरात नाटकं करायची ते ठीक, पण त्या काळी अमेरिकेत खऱ्या बायका खऱ्या रंगमंचासाठी असं टवाळ नाटक लिहीत होत्या का? की सगळं आपलं गोठ्यात आणि माजघरात?

गोगलगाय

"नाही, नाही, चप्पल काढून." मेले! अख्खी वही टाका इथे.

बोरूबहाद्दर

छान धागा. दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो.

कादंबरीतलं ज्योचं नाटक 'विचेस कर्स' हे कादंबरीपुरतं रचलेलं नाही. लुईसा अल्कॉट आणि तिची थोरली बहीण ॲना यांनी कॉनकॉर्डच्या घरात अशी नाटकं खरोखर लिहिली आणि केली. लुईसा १८८८ मध्ये गेली. त्यानंतर ॲनाने, म्हणजे खऱ्या मेगने, जपून ठेवलेली सहा नाटकं १८९३ मध्ये 'कॉमिक ट्रॅजेडीज' या नावाने छापली. 'नॉर्ना, ऑर द विचेस कर्स' त्यात आहे. 'द कॅप्टिव्ह ऑफ कॅस्टील', 'द ग्रीक स्लेव्ह' वगैरे बाकीची. त्याच वर्षी ॲनाही गेली.

पण शेवंतीताई, ही नाटकं टवाळ नाहीत. चेटकिणी, विषाचे पेले, अंधारकोठड्या, सूड. लिहिणाऱ्या मुली अगदी गंभीर होत्या. तुमची वही त्यांच्या पुष्कळ पुढे आहे.

कर्दळ

बोरूबहाद्दर, अर्धंच पटलं. 'नॉर्ना' गंभीर आहे, मान्य. पण 'लिटल विमेन'च्या दुसऱ्या प्रकरणात तोच खेळ कसा सांगितलाय पाहा. नायिकेच्या झग्याचा घोळ खिडकीत अडकतो आणि अख्खा बुरुज प्रेमिकांच्या अंगावर कोसळतो. शेवटी टाळ्या चालू असताना प्रेक्षक मुली बसलेली घडीची खाटच मिटते. पुरुषांना प्रवेश नाही, म्हणून ज्यो तांबूस बूट चढवून सगळ्या मिशावाल्या भूमिका स्वतः करते. हे लिहिणारी बाई पस्तिशीची आहे आणि पंधराव्या वर्षीच्या स्वतःला हसते आहे. नाटक लिहिताना विडंबन नव्हतं, ते नंतर आलं.

अण्णा_भुसावळ

आपल्याकडे काय विनोदी नाटकं कमी आहेत म्हणून बोस्टनच्या बायकांच्या मागे लागायचं? चालू द्या. चहा ठेवतो.

निमकी

अण्णा, नुसता चहा? आमच्याकडे सासूबाईंचं पथ्याचं असतं.

अण्णा_भुसावळ

दंडवत घ्या.

एडिसनची_सून

प्रश्न दोनचं उत्तर: होय, लिहीत होत्या, आणि ज्योच्या आधी. ॲना कोरा मोवॅट. 'फॅशन' हे तिचं पाच अंकी विनोदी नाटक २४ मार्च १८४५ ला न्यूयॉर्कच्या पार्क थिएटरात लागलं आणि तीन आठवडे चाललं. त्या काळी तिथे एवढं चालणं म्हणजे जोरात चालणं.

आमच्या मंडळाच्या नाटकाच्या ग्रुपमध्ये आम्ही ते दोन वर्षांपूर्वी वाचायला घेतलं होतं, त्यामुळे जवळून माहीत आहे. नायिका म्हणावी तर मिसेस टिफनी. पूर्वी टोप्या शिवून विकायची, आता नवऱ्याकडे पैसा आलाय, म्हणून घरात सगळं फ्रेंच हवं. फ्रेंच येत नाही. मोलकरणीला विचारते, आरामखुर्चीला फ्रेंचमध्ये काय म्हणतात गं? ती सांगते 'फोतय'. बाईसाहेब म्हणतात, 'फो-टूल'! आणि वर किती परदेशी, किती गोड आवाज म्हणून खूश. नोकराचं साधं नाव झीक, ते बदलून ॲडॉल्फ ठेवते. मुलीचं लग्न एका फ्रेंच काउंटशी लावायला निघते आणि तो काउंट निघतो आचारी. ओळखतं कोण, तर तीच मोलकरीण, कारण त्याने तिलाच आधी शब्द दिलेला असतो.

वाचताना आम्ही सगळ्या एकमेकींकडे बघत होतो. 'आमच्याकडे ना, क्रोसाँच लागतो ब्रेकफास्टला' म्हणणारी प्रत्येकीच्या ओळखीत एक तरी आहे. काहींच्या घरात आहे. एकीने कबूल केलं की ती स्वतःच आहे.

आता हस्तलिखिताची गोष्ट. प्रयोगाच्या आधी मोवॅटबाईंनी नाटकाची हस्तलिखित प्रत एडगर ॲलन पो यांना वाचायला पाठवली होती. होय, तेच भुताखेतांचे पो. तेव्हा ते 'ब्रॉडवे जर्नल'मध्ये परीक्षणं लिहीत. पहिलं परीक्षण तिखट: शेरिडनच्या 'स्कूल फॉर स्कँडल'ची छाया, पात्रं प्रेक्षकांकडे तोंड करून मनातलं बोलतात, पत्रं मोठ्याने वाचतात, असं कुठे असतं का. मग गृहस्थ रोज रात्री जाऊन नाटक पाहत बसले आणि पुढच्याच अंकात दुसरं परीक्षण लिहिलं, सूर पुष्कळ मऊ.

गोगलगाय

शिव्या घालून रोज पाहायला जायचं! पो हे मालिकांचे पहिले प्रेक्षक होते तर.

टपालपेटी

एडिसनची_सून, 'फॅशन'चं एवढं कौतुक केलंत, पण झीकबद्दल एक ओळ टाकून पुढे गेलात. तो नोकर कृष्णवर्णीय आहे आणि त्याची अख्खी भूमिका त्याच्या तुटक बोलीला आणि झगमगीत गणवेशाला हसण्यासाठी आहे. १८४५ मध्येच गुलामगिरीतून पळालेल्या फ्रेडरिक डग्लसचं आत्मकथन छापून आलं. मिसेस टिफनीच्या खोटेपणावर कोरडे ओढणारी लेखिका झीकच्या बाबतीत प्रेक्षकांबरोबर खुशाल हसते. मंडळात करणार असाल तर त्याचं काय करणार होतात?

एडिसनची_सून

तुमचं बरोबर आहे, आणि नाटक अडलं ते तिथेच. एकीचं म्हणणं, भूमिका गाळा. दुसरीचं, गाळली तर मिसेस टिफनीने माणसाचं नावच बदलून टाकण्याचा प्रसंग जातो, आणि तो तर तिच्यावरचा सगळ्यात मोठा ठपका आहे. दोन रविवार भांडलो, मग गणपती आले आणि 'फॅशन' बारगळलं. त्या वर्षी आम्ही नेहमीप्रमाणे एक फार्स केला.

टपालपेटी

प्रामाणिक उत्तराबद्दल आभार. मग ही दुसरी बाजूही पाहा. पॉलीन हॉपकिन्स, जन्म १८५९, कृष्णवर्णीय लेखिका. वयाच्या विशीत, १८७९ मध्ये तिने 'पिक्युलिअर सॅम' हे गाण्यांचं नाटक लिहिलं. गुलामगिरीतून पळून उत्तरेकडे निघालेली माणसं. सॅम वेष बदलून, आवाज बदलून गोऱ्यांना चकवतो. म्हणजे ज्या नकलांवर गोरे प्रेक्षक हसत, त्याच नकला इथे सुटकेचं हत्यार होतात. १८८० मध्ये बोस्टनला प्रयोग झाला, त्यात लेखिका आणि तिच्या घरची माणसं स्वतः उभी होती. तिच्या हयातीत ते पुस्तकरूपात आलं नाही. हस्तलिखित फिस्क विद्यापीठात राहिलं, म्हणून आज आपण बोलतोय.

कर्दळ

टपालपेटी, वाचनखूण साठवली. हे मला अजिबात ठाऊक नव्हतं.

बोरूबहाद्दर

मला अल्कॉटकडे परत जाऊ द्या. तिचं खरं विडंबन नाटकात नाहीच, १८७३ च्या 'ट्रान्सेंडेंटल वाइल्ड ओट्स'मध्ये आहे. लुईसा दहा वर्षांची असताना वडील ब्रॉन्सन अल्कॉट आणि त्यांचे इंग्रज मित्र चार्ल्स लेन यांनी हार्वर्ड गावाजवळ (विद्यापीठ नव्हे, मॅसॅच्युसेट्समधलं गाव) 'फ्रूटलँड्स' नावाचा आदर्श आश्रम काढला. जून १८४३. दूध नाही, कारण ते वासराचं. लोकर नाही, कारण ती मेंढीची. कापूस नाही, कारण तो गुलामांनी वेचलेला. तेव्हा सर्वांना तागाचे सुती नव्हे, लिननचे झगे. जनावरांकडून श्रम घ्यायचे नाहीत. मग श्रम कुणी करायचे?

लेखात एक पाहुणा विचारतो, इथे ओझ्याची जनावरं आहेत का? आई उत्तर देते: "एकच बाई आहे."

बार्ली कापून पडलेली, वादळ येऊ घातलेलं, आणि पुरुषमंडळी तत्त्वज्ञान सांगायला परगावी गेलेली. तेव्हा आईने तीन मुली आणि एक मुलगा हाताशी धरला, धुण्याच्या टोपल्या आणि लिननच्या चादरी काढल्या आणि धान्य ओढून आत आणलं. जानेवारी १८४४ मध्ये आश्रम आटोपला. लेखाच्या शेवटी आई म्हणते, फ्रूटलँड्सपेक्षा 'ॲपल स्लंप' हे नाव शोभलं असतं. स्लंप हा तिकडचा सफरचंदाचा एक गोड पदार्थ, आणि त्याच शब्दाचा अर्थ घसरणही.

बोरूबहाद्दर

वर 'तागाचे सुती नव्हे' असं काय लिहिलंय मी? मोबाईलवरून लिहिण्याचे भोग. लिननचे झगे एवढंच वाचा.

निमकी

"एकच बाई आहे." हे मी फ्रीजवर चिकटवणार आहे.

अण्णा_भुसावळ

आमच्या सौ.ला हा धागा दाखवू नका.

चुलीवरचं

इथे सगळे विनोदाबद्दल बोलताहेत, मला हिशोब दिसतोय. मोवॅटचा नवरा वकील, त्याचे डोळे अधू झाले, पैसा बुडाला, म्हणून ती १८४१ मध्ये बोस्टनला तिकीट लावून कवितावाचन करायला उभी राहिली. 'फॅशन' त्यानंतरचं. अल्कॉटच्या वडिलांना कमाईचं वावडं, ते आता कळलंच. आणि फॅनी फर्न, म्हणजे सारा विलिस: पहिला नवरा वारला, दुसरं लग्न मोडलं, सख्खा भाऊ नामांकित संपादक असून त्याने बहिणीचं लिखाण छापायला नकार दिला. बाईने 'रूथ हॉल' कादंबरीत त्या भावालाच पात्र करून असा सोलला की बस. पुढे 'न्यूयॉर्क लेजर'ने तिला एका रकान्याला १०० डॉलर दिले. त्या काळात!

तेव्हा ताई, 'माजघरात की रंगमंचावर' याचं उत्तर प्रतिभेत शोधू नका. घरातल्या पुरुषाची मिळकत थांबली की वही माजघरातून बाहेर यायची.

कर्दळ

चुलीवरचं, फार सरसकट झालं हे. मोवॅटने 'फॅशन'नंतर तीनच महिन्यांत, जून १८४५ मध्ये, स्वतः नटी म्हणून रंगमंचावर पाऊल टाकलं आणि पुढे आठ-नऊ वर्षं गाजली. त्याआधी वडिलांच्या वाढदिवसाला घरी करायला 'गुलझारा' नावाचं नाटक लिहिलं होतं, तेव्हा कुठे पैशाची अडचण होती? तिला ते आवडत होतं. पैशाची गरज हे चांगल्या घरच्या बाईला चारचौघांत सांगता येण्यासारखं कारण होतं, असंही असेल की.

चुलीवरचं

हं. सांगता येण्यासारखं कारण. हे घेतलं. पण 'गुलझारा' घरीच केलं, हेही घ्या.

बोरूबहाद्दर

फर्नचा विषय निघालाच आहे तर कादंबरीकार हॉथॉर्न महाशय आठवले. जानेवारी १८५५ मध्ये प्रकाशकाला पत्र लिहून चिडले होते की या खरडणाऱ्या बायकांच्या झुंडीपुढे माझं पुस्तक खपत नाही. पुढच्याच महिन्यात 'रूथ हॉल' वाचलं आणि लिहिलं की ही बाई अंगात सैतान संचारल्यासारखी लिहिते. ती दाद होती.

गोगलगाय

पो, हॉथॉर्न... आधी नाक मुरडायचं, मग चोरून वाचायचं. ठरलेलं दिसतंय.

हातखुणा

अवांतर: शेवंतीताईंनी शाईचं लिहिलं म्हणून. अल्कॉट इतकं लिहायची की उजव्या हाताचा अंगठा धरून यायचा, मग तिने डाव्या हाताने लिहायचा सराव केला. मी आठ वर्षांपूर्वी कॉनकॉर्डला तिचं घर, ऑर्चर्ड हाउस, पाहिलं. तिच्या खोलीत दोन खिडक्यांच्या मधोमध वडिलांनी बसवून दिलेलं अर्धगोल लाकडी मेज आहे. मेज म्हणवत नाही, फळीच. आपल्याकडे देवघराखाली असते तेवढी. एक वही आणि एक दौत ठेवली की कोपर ठेवायला जागा नाही. 'लिटल विमेन' त्यावर लिहिलंय. खालच्या मजल्यावर जेवणाच्या खोलीत या बहिणी नाटक करायच्या आणि प्रेक्षक शेजारच्या दिवाणखान्यात. मी तिथे दोनदा आत-बाहेर केलं, मग गाइडने हळूच पुढे चला म्हटलं.

पिंपळपान

मराठी माणसाला इथे एक नातं सांगतो. 'लिटल विमेन' छापणारी बोस्टनची रॉबर्ट्स ब्रदर्स. ॲनाने ती बालनाटकं छापून घेतली तीही त्यांच्याकडूनच. आणि १८८८ मध्ये, म्हणजे लुईसा गेली त्याच वर्षी, त्यांनीच आपल्या डॉ. आनंदीबाई जोशींचं चरित्र काढलं. लेखिका कॅरोलाइन हीली डॉल. या डॉलबाई तरुणपणी विचारवंत लेखिका मार्गारेट फुलरच्या बोस्टनमधल्या चर्चांना बसायच्या, म्हणजे अल्कॉटच्या वडिलांच्याच वर्तुळातल्या. कल्याणची आमची आनंदी आणि कॉनकॉर्डची ज्यो एकाच छापखान्याच्या यादीत आहेत.

अण्णा_भुसावळ

हे मात्र एक नंबर. माझा पहिला प्रतिसाद मागे घेतो.

शेवंती_७४

काय सुंदर धागा झालाय! सगळ्यांचे प्रतिसाद प्रिंट काढून वहीत ठेवणार आहे. पण पहिल्या प्रश्नावर कुणीच बोलेना. शेवट लिहू की नको?

एडिसनची_सून

'फॅशन'च्या अनुभवावरून सांगते, शेवटच सगळ्यात अवघड. चार अंक मिसेस टिफनी धमाल करते आणि पाचव्यात एक म्हातारा शेतकरी सगळ्यांना सुनावून मायलेकींना खेड्यात धाडायचं फर्मान काढतो. वाचताना आमचा ग्रुप अक्षरशः "अरेरे" म्हणाला. तुमच्या नाटकात कुणी समजूतदार काका येऊन भाषण देणार असेल तर फाटलेलंच बरं.

कर्दळ

माझं मत: लिहा, पण नववीतल्या मुलींचा आव आणून नको. अल्कॉटने फ्रूटलँड्स दहाव्या वर्षी सोसलं आणि एक्केचाळिसाव्या वर्षी त्यावर हसली. तुम्हाला पस्तीस वर्षं मिळालीत.

चिमणीचे_दात

आज सकाळी एका मैत्रिणीने ही लिंक पाठवली. हे लिहिण्यासाठीच खातं उघडलंय.

शेवंते, मी ओळखू येईन. हिरवं पेन माझ्या अण्णांचं.

ती पानं बाईंनी फाडली नाहीत. मी फाडली. बाईंनी वही परत दिली ती माझ्या हातात दिली, तुला द्यायला, आठवतंय? एक रात्र माझ्याकडे होती. तेव्हा आमच्या ताईला बघायला येणं सुरू होतं. सातवं स्थळ. आदल्याच आठवड्यात एका आत्याबाईंनी तिला खरंच चप्पल काढून चालायला लावलं होतं. तुम्हाला तो संवाद मीच सांगितला होता आणि तुम्ही हसलात, मीही हसले, कारण तो मी ऐकलेलाच होता, ताईच्या वेळी आधीही झाला होता. शेवटच्या पानांत आपण त्या मुलाला रडवला होता. तो मागच्या दारी जाऊन रडतो आणि आत सगळे पोहे छान झालेत म्हणतात. ताईने रात्री माझ्या दप्तरातून वही काढून वाचली. काही बोलली नाही. मी सकाळी पानं बंबात घातली.

बाई बिचाऱ्या उगाच शिव्या खातायत इतकी वर्षं. मला सांगता आलं नाही, नंतर विसरले, मग वाटलं कुणाला आठवतंय.

शेवंती_७४

अगं.

काय लिहू? फोन नंबर तोच आहे का तुझा? ताई कशी आहे?

चिमणीचे_दात

तोच आहे. ताई मजेत, नातीला घेऊन बसलीय. मघाशी तिला वाचून दाखवलं सगळं, तुझा धागा आणि ते ओझ्याच्या जनावराचंसुद्धा. त्यावर बराच वेळ हसली. म्हणाली, डिसेंबरला मी येते, मावशीचं काम मला द्या, आणि तो मुलगा रडतो ते ठेवा.

निमकी

प्रयोग कुठे आहे? आम्ही येतोय.

अण्णा_भुसावळ

भुसावळहून किती वाजताची गाडी बरी पडेल तेवढं सांगा. पोहे मी करतो.